फिल्टर काढला की गाडी पळते, नवा घातला तरीही पळते

गाडी ओढत नाही म्हणून भाच्याने बॉनेट उघडलं, एअरबॉक्सच्या क्लिपा सोडल्या आणि आतला हवेचा फिल्टर काढून टायरवर आपटला. राखेसारखी धूळ चपलेवर सांडली. मग फिल्टर बाहेरच ठेवून झाकण लावलं आणि एक चक्कर मारून आला. चेहरा खुललेला. "मामा, काय पिकअप आलाय! टर्बोला फिल्टर हवाच कशाला? तो तर हवा दाबूनच आत घालतो." टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा, हवा दाबायचा पंखा.

पिकअप आला होता, यात खोटं काही नाही. पण त्याने तुलना केली चोक झालेला फिल्टर आणि अजिबात नसलेला फिल्टर यांची. स्वच्छ फिल्टर घालून चक्कर मारलीच नाही. मारली असती तर बहुतेक तेवढाच आनंद झाला असता. फिल्टर स्वच्छ असणं आणि फिल्टर नसणं, या दोन गोष्टी ड्रायव्हरच्या सीटवरून जवळपास सारख्याच वाटतात. सगळा घोळ तिथेच होतो.

थोडा हिशोब करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल. पूर्ण पाय दाबला तरी स्वच्छ कागदी फिल्टर त्यातला एक-दोन किलोपास्कल खातो. मुंबईची गाडी पुण्यात आणली की 560 मीटर उंचीमुळे सहाएक किलोपास्कल आपोआप कमी होतात, आणि त्याबद्दल कुणी ओरडत नाही. चोक फिल्टरचं मात्र वेगळं. ट्रक-ट्रॅक्टरच्या फिल्टरवर छोटा इंडिकेटर असतो, तो साधारण सहा किलोपास्कलच्या आसपास लाल होतो. म्हणजे पुण्यातली गाडी चोक फिल्टर घेऊन आणखी एक बोरघाट चढत असते.

टर्बोच्या गाडीत हे दुखणं लवकर कळत नाही. फिल्टर टर्बोच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला असतो. टर्बो दाब दुप्पट करत असेल, तर आधी हरवलेले पाच किलोपास्कल पुढे दहा होऊन हरवतात. ते भरून काढायला गाडीतला कंप्युटर टर्बोला आणखी जोरात फिरवतो, जमेल तिथपर्यंत ताकद देत राहतो. बिनटर्बोची गाडी सरळ मरगळते, ही मात्र कुरकुर न करता राबते. ओढ फारच वाढली तर टर्बोच्या सीलमधून ऑइल नळीत खेचलं जातं आणि गॅरेजवाला म्हणतो, टर्बो गेला. टर्बो उतरवायच्या आधी फिल्टर बघा, एवढं म्हणायची लाज वाटू देऊ नका.

आता फिल्टरच नसेल तर? दीड लिटरचं इंजिन 2000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 1500 लिटर हवा ओढतं. टर्बोने दाब दुप्पट केला की धरा 3000 लिटर, म्हणजे 200 लिटरचे पंधरा बॅरल, दर मिनिटाला. बिनटर्बोच्या तुलनेत हवा दुप्पट, तशी धूळही दुप्पट. ऊसतोडणीच्या दिवसांत गाडीरस्त्याने ट्रॅक्टरच्या मागे चालवून बघितलं असेल तर ती धूळ काय असते ते सांगायला नको.

पहिला मार बसतो कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या, चाकाला. छोट्या गाडीत हे अॅल्युमिनियमचं चाक चार-पाच सेंटिमीटरचं, पण जोरात असलं की मिनिटाला दीड-पावणेदोन लाख फेरे घेतं. त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त भरतो. अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असलेली वाळूची कणी त्या वेगाला आदळली की धार बोथट होते. टॉर्च मारून बघितलं तर नव्या पात्याची कड सुरीसारखी दिसते, धूळ खाल्लेल्याची पॉलिशपेपरने घासल्यासारखी. पुढे तीच कणी पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासते, गाडी ऑइल खायला लागते, आणि खर्च टर्बोपुरता राहत नाही.

"मग रेसवाले कसे चालवतात?" हा त्याचा पुढचा प्रश्न. ड्रॅग रेसची गाडी 402 मीटर धावते, टर्बोचं तोंड उघडं, फार तर जाळी. तिचं इंजिन पुन्हा पुन्हा खोलायचं हे आधीच ठरलेलं असतं. जाळी नटबोल्ट आणि पालापाचोळा अडवते. दहा मायक्रॉनची (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी) धूळ तिच्यातून खुशाल जाते. धुरळ्यातून धावणाऱ्या रॅलीच्या गाड्या बघा, त्या फिल्टर लावूनच पळतात.

शिवाय फिल्टर काढला की टर्बोची शिट्टी मोठी ऐकू येते. निम्मा पिकअप त्या शिट्टीचाच असतो, असं माझं मत.

एअरबॉक्स फेकून बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा 'कोन' फिल्टर लावणं हा त्यातलाच भाऊ. धूळ बऱ्यापैकी अडते, पण ग्रिलजवळच्या गार हवेऐवजी इंजिनावरची तापलेली हवा आत जाते. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसू शकतो.

भाच्याला मी नवा कागदी फिल्टर आणायला पाठवलं. तोवर एअरबॉक्सनंतरच्या नळीत बोट फिरवलं. एका चकरेत फार काय जाणार, पण बोटाला पावडर लागली होती.


भाचा फिल्टर घेऊन आला, लावून चक्कर मारून आला. "तेवढीच पळतेय," म्हणाला, जरा नाराजीनेच. "फक्त आवाज गेला."