रिहॅबिलिटेशन म्हटलं की क्लेम गेला?

बीड-लातूरकडं मोटारसायकलचा अपघात झाला, डोक्याला मार बसला, की दवाखान्यातून सुट्टी होताना कुणीतरी हमखास सांगतं, "पुढचं तुमचं तुम्ही बघा, रिहॅबिलिटेशन (म्हणजे पुन्हा पूर्ववत होण्यासाठीची थेरपी) विम्यात बसत नाही." हा समज एक कलम अर्धवट वाचून पसरलेला आहे.

पॉलिसीत 'Excl05' या कोडची वगळलेली बाब असते, तिच्या नावात 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द आहे. मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी, उपचारासाठी नव्हे, भरती झालात तर तो खर्च मिळत नाही. अंघोळ घालायला, कपडे चढवायला ठेवलेल्या माणसाचा पगारही नाही. पण स्मरणशक्ती, लक्ष, बोलणं यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली थेरपी म्हणजे विश्रांती नव्हे.

'आरोग्य संजीवनी' या ठरावीक नमुन्याच्या आरोग्य पॉलिसीत मंजूर भरतीनंतर ६० दिवस त्याच दुखण्याचा खर्च धरतात. खरी अडचण इथं आहे. मेंदू काही दोन महिन्यांत सावरत नाही, आणि नंतरची सेशन्स ओपीडीत जातात, जी बहुतेक पॉलिसींत नसते.

म्हणून डिस्चार्ज कार्डावरच थेरपी लिहून घ्या, पावतीवर तारीख नि शिक्का बघा. नाकारलं तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. कंपनीकडं तक्रार करून महिनाभरात दाद लागली नाही, तर मराठवाड्यासाठी पुण्याचे विमा लोकपाल आहेत. फी लागत नाही.