मक्काबींचा उठाव आणि बार कोखबाचं बंड: गल्लत कुठे होते?

डिसेंबरात यहुद्यांच्या हनुक्का सणाच्या दिव्यांचे फोटो दिसू लागतात आणि सोबत बऱ्याचदा एक वाक्य येतं: यहुद्यांनी धर्मस्वातंत्र्यासाठी रोमन साम्राज्याशी दिलेल्या लढ्याची ही आठवण. यातला रोमचा उल्लेख चुकीचा आहे. हनुक्का ज्या उठावाशी जोडलेला आहे तो इ.स.पू. १६७ मध्ये पेटला आणि समोर होता सीरियातून राज्य करणारा ग्रीक परंपरेचा सेल्युकिड राजा, चौथा अँटिओकस. दुसऱ्या एका यहुदी बंडाचा नेता बार कोखबा रोमशी लढला तो इ.स. १३२ मध्ये, म्हणजे जवळजवळ ३०० वर्षांनी. इतकंच काय, मक्काबींनी रोमशी मैत्रीचा करार केला होता. इ.स.पू. १६१ च्या सुमारास पहिल्या उठावाचा नेता यहुदा मक्काबी याचे दोन दूत रोमच्या सिनेटसमोर उभे राहिले आणि सेल्युकिडांविरुद्ध रोमचा पाठिंबा मिळवून परतले.

गल्लत व्हायला कारणंही तशीच आहेत. दोन्ही गोष्टींत सुंतेवरची बंदी येते, दोन्हींत जेरुसलेमच्या मंदिराच्या जागी परका देव येतो, आणि दोन्हींत डोंगरकपाऱ्यांतून गनिमी काव्याने लढणारे लोक येतात. शिवाय या दोघांच्या मधे आणखी एक मोठं युद्ध झालं, इ.स. ६६ ते ७३ चं. मंदिर जळालं ते त्यात, इ.स. ७० मध्ये. मसाडाचा वेढा त्यातलाच आणि रोमच्या टायटसच्या कमानीवर सैनिक सात फाट्यांची समई वाहून नेताना दिसतात तीही त्यातलीच. ते युद्ध इथे बाजूला ठेवू. मक्काबी आणि बार कोखबा यांच्यातला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण धर्म पाळायची मोकळीक आणि स्वतःचं राज्य या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे या दोन लढ्यांइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

मक्काबींची सुरुवात राजाच्या फर्मानापासून सांगितली जाते, पण भांडणाची मुळं त्याआधीची आणि जेरुसलेमच्या आतली होती. अँटिओकसचा बाप तिसरा अँटिओकस यानं यहुद्यांना त्यांच्या पूर्वजांच्या कायद्यानं जगायची रीतसर मुभा दिली होती. मग बापाला रोमनं हरवलं आणि इ.स.पू. १८८ च्या तहात १५,००० टॅलंट (टॅलंट हे तेव्हाचं मोठं वजन) चांदीची खंडणी लादली. तेव्हापासून या राजघराण्याला पैशाची सतत चणचण होती. ती जेरुसलेमच्या याजकांनी ओळखली. इ.स.पू. १७५ मध्ये चौथा अँटिओकस गादीवर आला आणि जेसन नावाच्या याजकानं आपल्याच भावाला, ओनियसला, बाजूला सारून महायाजकपद विकत घेतलं. त्यानं ३६० टॅलंट आणि वर आणखी ८० कबूल केले. शहरात ग्रीक धर्तीची व्यायामशाळा उभारायची परवानगी मिळाली तर अजून १५० द्यायची तयारी दाखवली. जुना वृत्तान्त सांगतो की यज्ञवेदीची सेवा सोडून याजक थाळीफेकीच्या मैदानाकडे धावू लागले. तीन वर्षांत मेनेलौस नावाच्या दुसऱ्या माणसानं ३०० टॅलंट जास्त बोलून जेसनलाही हुसकावलं. मंदिरातलं सर्वोच्च पद लिलावात निघालं होतं, आणि बोली लावणारे यहुदीच होते.

इ.स.पू. १६८ मध्ये अँटिओकस इजिप्त जिंकायच्या बेतात असताना रोमचा दूत पोपिलियस लायनस त्याच्यासमोर आला, काठीनं त्याच्याभोवती वाळूत रिंगण काढलं आणि उत्तर दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू नकोस म्हणाला. राजा माघारी वळला. पुढच्याच वर्षी त्यानं यहुद्यांच्या धर्मावर बंदी घातली. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळणं, मुलाची सुंता करणं आणि तोरा हा धर्मग्रंथ जवळ बाळगणं या सगळ्याला मृत्युदंड ठरला. मंदिराच्या वेदीवर परक्या देवाची वेदी चढली आणि यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेला तिच्यावर बळी दिला गेला. अपमान गिळून आलेल्या राजानं यहुद्यांवर सूड उगवला असं सोपं समीकरण मी मांडणार नाही. जेसननं मधल्या काळात सैन्य जमवून शहरावर हल्ला केला होता आणि राजाला ते बंडच वाटलं असणार. पण एका लोकसमूहाचा धर्मच गुन्हा ठरवायचा, हे पाऊल त्या काळच्या ग्रीक राजांच्या रीतीलाही सोडून होतं.

मोदीन गावात राजाचा अधिकारी बळी द्यायला लावण्यासाठी आला तेव्हा मत्तथ्या नावाच्या म्हाताऱ्या याजकानं नकार दिला. गावातला दुसरा एक यहुदी पुढे सरसावला. मत्तथ्यानं आधी त्याला वेदीपाशीच ठार केलं, मग अधिकाऱ्याला. म्हणजे या उठावात पहिल्यांदा सांडलं ते यहुद्याचंच रक्त. नंतरच्या गोड कथांमधून हे वगळलं जातं, पण तसं केलं की हा लढा अर्धाच कळतो. मत्तथ्या पाच मुलांसह डोंगरात गेला. त्याच सुमारास गुहांत लपलेल्या एका गटावर सैन्य शब्बाथच्या दिवशी चालून गेलं. आजचा दिवस मोडणार नाही म्हणून त्या लोकांनी दगडही उचलला नाही, गुहेचं तोंडही बुजवलं नाही. बायकामुलांसह सुमारे १,००० माणसं मेली, असं दुसरा एक जुना वृत्तान्त सांगतो. मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी त्यावर ठरवलं की शब्बाथला कोणी हल्ला केला तर आपण लढायचं. शब्बाथसाठी चाललेल्या लढाईत शब्बाथचाच नियम सैल करायचा, हा निर्णय एका याजकाला किती जड गेला असेल!

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. मत्तथ्याचा मुलगा यहुदा, म्हणजेच यहुदा मक्काबी, यानं बेथ-होरोन, एम्माउस, बेथ-सूर इथे सेल्युकिड फौजांना झुंजवलं आणि इ.स.पू. १६४ मध्ये, किसलेवच्या २५ तारखेलाच, मंदिर शुद्ध करून पुन्हा वाहिलं. तोच हनुक्का. एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरल्याची कथा त्या काळच्या जवळच्या वृत्तान्तांत नाही. ती शेकडो वर्षांनी तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात येते.

खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. इ.स.पू. १६२ च्या सुमारास बालराजा पाचव्या अँटिओकसच्या नावानं कारभार पाहणारा सेनापती लिसियस यानं जेरुसलेमच्या मंदिराला घातलेला वेढा उठवला आणि यहुद्यांनी पूर्वीप्रमाणे आपल्या कायद्यानं राहावं, असं मान्य केलं. त्याला राजधानी अँटिओकमध्ये प्रतिस्पर्धी उभा राहिला होता, परत जायची घाई होती. कारण काहीही असो, धर्मबंदी उठली. मोदीनमध्ये ज्यासाठी तलवार निघाली होती ते पदरात पडलं. धर्मनिष्ठांपैकी एक गट तडजोडीला तयारही झाला. नवा महायाजक अल्किमस हा पहिला महायाजक आरोन याच्या वंशातला होता, तेवढं त्यांना पुरेसं होतं. अल्किमसनं त्यांच्यातल्या ६० जणांना मारलं आणि तो विश्वास धुळीला मिळाला. यहुदा लढत राहिला आणि इ.स.पू. १६० मध्ये एलासाच्या लढाईत पडला. त्याचा भाऊ योनाथान इ.स.पू. १५२ मध्ये महायाजक झाला, तोही सेल्युकिड गादीच्या एका दावेदाराच्या नेमणुकीनं. दुसरा भाऊ शिमोन यानं इ.स.पू. १४२ मध्ये करमाफी मिळवली, आणि तेव्हा कुठे लोक आपल्या करारपत्रांवर ‘महायाजक शिमोनाचं पहिलं वर्ष’ असा काळ घालू लागले. मोदीनपासून तिथवर २५ वर्षं गेली.

आणि राज्य हाती आल्यावर? शिमोनाचा मुलगा योहान हिर्कानस यानं दक्षिणेकडचा इदोम जिंकला आणि तिथल्या लोकांपुढे पर्याय ठेवला: सुंता करून यहुदी रीत पत्करा, नाहीतर देश सोडा. ज्याच्या आजोबांनी सुंतेवरच्या बंदीविरुद्ध शस्त्र उचललं, तो नातू सुंतेची सक्ती करत होता. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते.

अँटिओकसच्या या छळाशी आपल्या कोकणाचंही एक नातं सांगितलं जातं. बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज त्याच धामधुमीत देश सोडून निघाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. नवगावला त्यांचं स्मारक आहे. कागदोपत्री पुरावा या आगमनाचा नाही. पण या समाजात पूर्वी हनुक्का माहीत नव्हता, आणि मंदिर पुन्हा वाहिलं जाण्याआधीच पूर्वज निघाले असणार, असा त्याचा अर्थ परंपरा लावते. त्यांनी काय जपलं होतं ते बघा: आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून रायगडच्या गावांत त्यांना शनवार तेली म्हणत. अँटिओकसनं ज्या गोष्टींसाठी माणसं मारली, त्यातल्या दोन गोष्टींवरून हा समाज कोकणात ओळखला गेला.

आता बार कोखबा. इथे सगळं उलट्या क्रमानं घडतं.

सम्राट हेड्रियन इ.स. १३० च्या सुमारास पूर्वेच्या दौऱ्यात जुदेयात, म्हणजे जेरुसलेम ज्यात होतं त्या रोमन प्रांतात, आला. मंदिर जळून साठ वर्षं झाली होती आणि जेरुसलेममध्ये रोमन पलटणीची छावणी होती. त्या जागी त्यानं एलिया कॅपिटोलिना हे नवं रोमन शहर वसवायचं ठरवलं. इतिहासकार कॅसियस डियो सांगतो की देवाच्या मंदिराच्या जागी ज्युपिटरचं मंदिर उभारलं आणि त्यातून युद्ध पेटलं. दुसरं एक रोमन चरित्र सुंतेवरच्या बंदीला कारण ठरवतं. ही बंदी बंडाच्या आधीची की बंडानंतरची शिक्षा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. शहराची गोष्ट मात्र पक्की धरता येते, कारण एलियाची नाणी आणि बंडखोरांची नाणी एकत्र सापडली आहेत. मक्काबींच्या बाबतीत धर्मबंदी हेच ठिणगीचं कारण होतं; इथे ते तितक्या खात्रीनं म्हणता येत नाही. एवढा एक मुद्दा लक्षात ठेवला तरी निम्मी गल्लत टळेल.

हे बंड तयारीनं झालं. डियो लिहितो की रोमनांनी मागवलेली शस्त्रं यहुदी कारागिरांनी मुद्दाम कमअस्सल बनवली. ती नाकारून परत पाठवली गेली की आपोआप बंडखोरांच्या हाती राहत. जमिनीखाली भुयारं खणली गेली. जुदेयाच्या टेकड्यांत ती आजही सापडतात. आणि पहिल्याच वर्षापासून स्वतःचं राज्य जाहीर झालं. रोमन नाण्यांवरच नवे ठसे मारून ‘इस्राएलच्या मुक्तीचं पहिलं वर्ष’ असं प्राचीन हिब्रू लिपीत उमटवलं गेलं. काही ठशांखाली सम्राटाच्या चेहऱ्याच्या रेषा अजून दिसतात. मोठ्या चांदीच्या नाण्यावर ६२ वर्षांपूर्वी जळालेल्या मंदिराचा दर्शनी भाग आहे. शिमोन मक्काबीच्या लोकांना जे लिहायला २५ वर्षं लागली, ते इथे पहिल्या दिवसापासून लिहिलं गेलं. मृत समुद्राकाठच्या एन-गेदी गावच्या जमिनीचे भाडेकरारसुद्धा ‘इस्राएलचा नासी (अधिपती) शिमोन’ याच्या नावानं आणि त्याच्या राजवटीच्या सनानं झाले.

हा नासी म्हणजे शिमोन बेन कोसिबा, ज्याला आपण बार कोखबा म्हणतो. यहुदा मक्काबीचं स्वतःचं एकही पत्र आपल्याकडे नाही, याची आहेत. मृत समुद्राजवळच्या गुहांतून १९५० च्या दशकात आणि १९६०-६१ मध्ये ती निघाली, पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या मोहिमेत तर एका गुहेत पुडकंच सापडलं. त्यात दिसणारा माणूस तापट आहे. एन-गेदीच्या अधिकाऱ्यांना तो सुनावतो की तुम्ही इस्राएलच्या घरचं खाऊनपिऊन बसता आणि भावांची फिकीर करत नाही. दुसऱ्याला पायांत बेड्या घालायची धमकी देतो. आणि एका पत्रात तो यहुदा बर मेनाशे याला कळवतो की दोन गाढवं पाठवली आहेत; त्यांच्यासोबत माणसं देऊन खजुराच्या फांद्या आणि महाळुंगासारखी एत्रोग फळं छावणीवर आणायची व्यवस्था कर, आणि तुझ्याकडून मर्टल या सुगंधी झुडपाच्या आणि वाळुंजीच्या डहाळ्या पाठव. सुक्कोथ सणाला लागणाऱ्या या चार वस्तू. भोवती रोमन फौजा आवळत येताहेत आणि सेनापती शिपायांचा सण नीट व्हावा म्हणून गाढवं धाडतोय. बंडाचं कारण काय होतं यावर कितीही वाद होवोत, या लोकांच्या मनात धर्म कुठे होता ते या चिठ्ठीत दिसतं.

मक्काबींना कोणी मसीहा, म्हणजे दाविद राजाच्या वंशात येणारा तारणहार, म्हटलं नव्हतं. इथे बार कोखबाला खुद्द अकिवा या थोर रब्बीनं (धर्मपंडितानं) तसं म्हटल्याची परंपरा आहे. त्यावर योहानान बेन तोर्ता हा दुसरा रब्बी म्हणाला, ‘अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल.’

रोमनं ब्रिटनहून ज्युलियस सेव्हेरसला बोलावलं. त्यानं समोरासमोरची मोठी लढाई टाळली, एकेका टोळीची रसद तोडली. डियोच्या हिशेबानं ५० ठाणी आणि ९८५ गावं उद्ध्वस्त झाली, लढाईत ५,८०,००० माणसं मेली. आकडे फुगवलेले असू शकतात, पण रोमनांचीही हानी इतकी होती की सिनेटला लिहिताना हेड्रियननं ‘मी आणि सैन्य कुशल आहोत’ हे नेहमीचं वाक्य गाळलं. इ.स. १३५ मध्ये जेरुसलेमच्या नैर्ऋत्येचा बेतार किल्ला पडला आणि बार कोखबाही संपला. यहुद्यांना जेरुसलेममध्ये पाय ठेवायला मनाई झाली. प्रांताचं जुदेया हे नाव पुसून सीरिया पॅलेस्टिना ठेवलं गेलं.

पण धर्म पाळायची मोकळीक पुन्हा आली, तीही लवकर. हेड्रियननंतरच्या अँटोनिनस पायस या सम्राटानं यहुद्यांना आपल्या मुलांची सुंता करायला परवानगी दिली, फक्त आपल्याच मुलांची. राज्य मात्र परत आलं नाही. विद्येचं केंद्र उत्तरेकडच्या गालीलमध्ये गेलं, आणि इ.स. २०० च्या सुमारास तिथेच मिश्ना हा धर्मनियमांचा संग्रह सिद्ध झाला. त्यात आव महिन्याच्या ९ तारखेच्या उपासाला कारण ठरलेल्या पाच आपत्तींमध्ये बेतारचं पतन नोंदलेलं आहे. पुरीम या दुसऱ्या सणासाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, हनुक्कासाठी नाही. त्याचे केवळ ओझरते उल्लेख येतात. बेतारचा विनाश ताजा असताना तलवारीनं मिळालेल्या विजयाचा गौरव करायची त्या पंडितांची तयारी नसावी, असं काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं.