पाणचक्कीचं चाक मागवण्याआधी: जुलैचा व्हिडिओ नको, जानेवारीचं माप पाठवा

दरवर्षी पाऊस सुरू झाला की पाणचक्कीची चाकं बनवणाऱ्या आमच्या वर्कशॉपच्या व्हॉट्सअॅपवर धबधब्यांचे व्हिडिओ यायला लागतात. गगनबावडा, राधानगरी, चंदगड, आंबोली, सगळीकडून. खाली एकच ओळ असते, "आमच्या शेतात एवढं पाणी आहे, चाक किती फुटाचं लागेल आणि रेट काय?" प्रत्येकाला तेच उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हा कागद काढलाय. पाच-दहा मिनिटं लागतील वाचायला, पण तुमचे आणि आमचे मिळून दोन-तीन महिने वाचतील.

आधी सरळ सांगतो, व्हिडिओ बघून आम्ही रेट देत नाही. काहींना राग येतो, "दुसरे लगेच सांगतात, तुम्हीच का अडवता" म्हणतात. अडवत नाही हो. चाकाचं माप तुमच्या पाण्यावरून ठरतं आणि जुलैचं पाणी हे तुमचं पाणी नव्हेच, ते पावसाचं पाणी आहे. चार महिन्यांचा पाहुणा. तुम्हाला चक्की कुठल्या महिन्यापर्यंत चालवायचीय ते आधी ठरवा आणि त्या शेवटच्या महिन्यात ओढ्याला किती पाणी असतं ते मोजा. बाकी सगळं त्यानंतर.

आम्हाला दोन आकडे लागतात. पाणी किती उंचीवरून पडतं (यालाच आम्ही पड म्हणतो) आणि दर सेकंदाला किती लिटर येतं. हिशोब अगदी साधा आहे: सेकंदाला १ लिटर पाणी १ मीटर खाली आलं की साधारण ९.८ वॅट ताकद मिळते. यातली चाकाच्या शाफ्टवर पाऊण हिस्सा आली तर चाक चांगलं बनलंय म्हणायचं, मग गिअर आणि पट्ट्यात अजून थोडी जाते, म्हणून दळणाच्या दगडापर्यंत ६० टक्के पोचली असं धरून आम्ही चालतो. आता तुमची गावातली नेहमीची १० एचपीची गिरणी घ्या. ती ३ मीटर पडाच्या पाण्यावर चालवायची तर सेकंदाला ४०० लिटरच्या वर पाणी पाहिजे. एवढं पाणी ओढ्याला नसतं, ते कालव्याला असतं. पण दीड-दोन फुटी दगड हळू चालवला तर दीड एचपीत काम होतं आणि त्याला ६०-६५ लिटर पुरतं. म्हणून आम्ही हळू फिरणारा दगडच देतो, आणि हळू दगडाचं पीठ गरम होत नाही हा त्यातला मोठा फायदा, आमचे बरेच ग्राहक आता नाचणी आणि खपली गव्हाचं पीठ याच एका गोष्टीवर विकतात.

आता ती चूक, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. आम्ही सुरुवातीला एका शेतकऱ्याचं चाक त्याच्या जुलैच्या सांगण्यावरून बनवलं होतं. ओढा आम्ही ऑगस्टमध्ये जाऊन बघितला, फेसाळत होता, सेकंदाला १०० लिटर नक्की असणार असं वाटलं, म्हणून मीटरभर रुंद चाक बनवलं. पुढच्या वर्षी बसल्यावर दिवाळीपर्यंत मस्त चाललं. जानेवारीत फोन आला की चाक फिरतं पण दळणाचा दगड जोडला की थांबतं. जाऊन मोजलं तर पाणी निघालं सेकंदाला आठ-साडेआठ लिटर! चाकाच्या कडेवरच्या मीटरभर रुंद कप्प्यांत ते पाणी नुसतं पसरायचं, अर्धं उडून जायचं, वजनच धरायचं नाही. चाकात काही बिघाड नव्हता, बेअरिंग ठीक, गिअर ठीक, तरी आम्ही तीन आठवडे हे उघडून बघ, ते उघडून बघ करत बसलो कारण पाणी मोजायचं आधी सुचलंच नाही. शेवटी उपाय निघाला तो पाण्याचाच. वरच्या अंगाला शेततळं काढलं, १५ बाय १५ मीटरचं आणि दीड-दोन मीटर खोल. दहा तासांत त्यात तीन लाख लिटर साठतं आणि सकाळी झडप उघडली की जवळपास दीड तास ६०-६५ लिटरने चाक चालतं. रोजचं दळण तेवढ्यात होतं. हे आधी मोजलं असतं तर चाक त्याच्या निम्म्या रुंदीचं झालं असतं आणि लोखंडाचे पैसे तळ्याच्या प्लास्टिकला आले असते.

मोजायचं कसं, तर पाणी अगदी कमी असेल तर २०० लिटरचा ड्रम लावा आणि मोबाईलवर सेकंद मोजा, झालं. त्याहून जास्त असेल तर पत्र्याची खाच करा. प्लायवूड किंवा जाड पत्र्याला वरून इंग्रजी व्हीसारखी खाच कापायची, कोन बरोबर ९० अंशाचा, सुताराचा गुण्या लावून. तो पत्रा ओढ्यात आडवा उभा करायचा, बाजूंनी आणि खालून चिखल, गोणपाट, प्लास्टिक लावून पाणी गळायचं बंद करायचं, सगळं पाणी खाचेतूनच आणि पलीकडे मोकळं खाली पडलं पाहिजे. मग खाचेच्या तळापासून पाणी किती उंच चढलंय ते बघायचं. ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर साधारण ४.४ लिटर, १५ ला १२, २० ला २५ आणि ३० ला ६८ लिटर. बघा, उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं, म्हणून इथे एक-दोन सेंटीमीटरची चूकसुद्धा महाग पडते. आणि पट्टी खाचेपाशी लावून मोजू नका, तिथे पाणी वाकून खाली येत असतं, कमी दिसतं. मीटरभर मागे एक खुंटी ठोका, तिचा माथा खाचेच्या तळाच्या लेव्हलला आणा आणि त्या खुंटीवर पाणी किती आहे ते मोजा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पाणी तरंगत्या वस्तूवरून मोजणारेही आहेत, म्हणजे दहा मीटरमध्ये पान किंवा बाटलीचं बूच किती सेकंदात जातं त्यावरून. चालतं, पण वरचं पाणी खालच्यापेक्षा वेगाने जातं, त्यामुळे आलेल्या उत्तरातून किमान २० टक्के कापा, दगडगोट्यांचा ओढा असेल तर ३०-४०.

उंची मोजायला मोबाईलचं अॅप वापरू नका, हात जोडून सांगतो. जीपीएसची उंची काही मीटरने इकडेतिकडे असते आणि तुमचा पडच मुळात तीन मीटरचा, मग उरलं काय. गवंड्याकडचा पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, दोन माणसं आणि टेप, टप्प्याटप्प्याने खाली उतरा आणि प्रत्येक टप्प्याचा फरक मांडून बेरीज करा. अर्ध्या तासाचं काम. आणि काही जण उताराची लांबी सांगतात, "पाणी ५० फूट येतं". ५० फूट चालत येतं की ५० फूट पडतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्हाला सरळ उभी उंची पाहिजे.

उंची कळली की चाकाचा व्यास आपोआप ठरतो. "१५ फुटाचं बसवा, मोठं चाक मोठी ताकद" असं बरेच म्हणतात, तसं नसतं. १० फुटाचा पड असेल तर वर पन्हळीला आणि पन्हळ-चाकामधल्या फटीला मिळून फूटभर जातं, खाली सांडपाण्यापासून फूटभर अंतर सोडावं लागतं, राहतं ८ फुटाचं चाक. खालचं अंतर आम्ही कधीच कमी करत नाही, कारण ओढा चढला आणि खालचं पाणी चाकाच्या पोटाला लागलं की ते चाकाला मागे ओढतं, चक्की एकदम जड होते. १० फुटाच्या पडावर १५ फुटाचं चाक लावलं तर पाणी डोक्यावर न पडता कमरेवर पडतं. तशीही चाकं असतात, आम्हीही केलीत, पण त्याला बाजूने घट्ट बसणारा दगडी किंवा काँक्रीटचा गोल कठडा बांधावा लागतो नाहीतर पाणी कप्प्यातून आधीच सांडतं, खर्च वाढतो आणि फेरे अजून कमी होतात.

डोक्यावर पाणी पडणारं चाकच शक्यतो घ्या असा आमचा आग्रह असतो, त्यात आमचा फायदा म्हणून नाही. जॉन स्मीटन या इंग्लिश इंजिनिअरने छोटी मॉडेल करून, वजनं उचलून हे मोजलं होतं आणि १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, की वरून पडणाऱ्या पाण्याचं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं. वरच्या चाकात पाण्याचं वजन काम करतं, खालच्यात फक्त धक्का, आणि धक्क्यातली बरीच ताकद फेसात जाते. खालून ढकलणारं चाक आम्ही देतो ते फक्त जिथे पड नाहीच पण वाहतं पाणी भरपूर आहे तिथे, म्हणजे कालव्यावर. आणि कालव्यावर बसवायचं तर पाटबंधारे खात्याची परवानगी आधी तुम्ही घ्यायची, ती कागदोपत्री हातात आल्याशिवाय आम्ही वेल्डिंग सुरू करत नाही.

"छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीसारखं करून द्या" असंही येतं. जरूर जाऊन बघा ती, बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या आवारात आहे. पण तिथे चाकापेक्षा पाणी जास्त बघा. काही किलोमीटर लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणलंय, उंच भिंतीवरून खाली सोडलंय, मग कुठे चक्की. करणाऱ्यांनी आधी पाण्याची सोय केली. शिवाय ते चाक आडवं आहे, उत्तराखंड-हिमाचलच्या घराट नावाच्या पाणचक्कीसारखं, उभा दांडा सरळ वरच्या दगडाला, मध्ये गिअर नाही. बनवायला सोपं, पण त्याला पाणी जोरात आणि बारा महिने पाहिजे. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांना आम्ही ते सहसा सुचवत नाही.

फेऱ्यांबद्दल थोडं. ८ फुटाचं चाक मिनिटाला १० ते १२ फेरे मारतं, त्याहून पळवू नका, पळवलं की कप्पे भरायच्या आत निघून जातात. दगडाला लागतात साधारण १००, म्हणजे नऊ-दहा पटीचं गिअरिंग, ते आम्ही दोन टप्प्यांत देतो. दात मोजलेत तर एका गिअरला एक दात जास्तीचा दिसेल, ती चूक नाही, तो मुद्दाम ठेवतो म्हणजे तेच दोन दात दरवेळी एकमेकांवर येत नाहीत आणि झीज सारखी होते. ही जुनी गिरणीवाल्यांची पद्धत आहे. लाइटसाठी जनरेटर लावायचा तर तो १५०० फेऱ्यांचा असतो, म्हणजे १२५-१५० पट, तेवढ्या गिअरमध्ये बरीच ताकद जाते. दळण आणि दोन-चार बल्ब, इतपत ठीक. घर चालवायचं असेल तर तुम्हाला चाक नाही, छोटी टर्बाइन पाहिजे आणि ती आमच्याकडे मिळत नाही.

पंपाने पाणी वर चढवून तेच चाकावर सोडलं तर वीज फुकट मिळेल का, हा प्रश्न महिन्यातून दोनदा येतो. नाही मिळत. पंप आणि चाक दोघं आपापला वाटा खातात, शंभर रुपयांची वीज घातली तर चाळीसचं काम हातात येतं. कृषी पर्यटनवाल्यांना फक्त शोभेला फिरतं चाक पाहिजे असतं, त्यांना पंपावर हलकं चाक आनंदाने करून देतो, पण त्याला दगड जोडायला सांगू नका.

लाकडाचं की लोखंडाचं? लाकडी चाक दिसतं सुंदर, आवाजही गोड. पण ते थांबलं की खालचा भाग ओला राहतो, वरचा सुकतो, एक बाजू जड होते आणि पुढच्या वेळी चाक झटके देत फिरतं, बेअरिंगला मार बसतो. म्हणून लाकडी घेतलं तर रोज थोडा वेळ तरी फिरवायची तयारी पाहिजे. ज्यांची चक्की मार्चनंतर बंद असते त्यांना आम्ही गॅल्व्हनाइज केलेलं लोखंडी चाकच सांगतो, हवं तर बाहेरून सागाच्या पट्ट्या मारून देतो. पाटाच्या तोंडाला जाळी मात्र दोघांनाही सक्तीची, जंगलातला पाला एका रात्रीत पन्हळ तुंबवतो. जाळी आमच्या कोटेशनमध्ये धरलेलीच असते, ती काढून रेट कमी करा म्हणू नका.

जागा बघायला येण्याचे आम्ही पैसे घेतो. कारण त्या दिवशी वर्कशॉपची दोन माणसं गाडी घेऊन तुमच्याकडे असतात, खाच लावून, लेव्हल काढून लेखी माप देतात. ते माप तुमचं, चाक दुसऱ्याकडून करून घेतलंत तरी चालेल. ऑर्डर आम्हाला दिलीत तर ते पैसे बिलातून वजा.

वेळेचं गणित असं: डिसेंबर-जानेवारीत मोजा, फेब्रुवारीत ऑर्डर द्या. चाकाचा पाया आणि पाट हे ओढ्याचं पाणी उतरलेलं असतानाच बांधता येतं, मे संपायच्या आत काँक्रीट सुकलं पाहिजे, जूनमध्ये पाण्यात उभं राहून कोणी बांधकाम करत नाही. जुलैत फोन करणाऱ्याचं चाक त्यामुळे तसंही पुढच्या वर्षीच बसतं, आम्ही कितीही घाई केली तरी.

तर पाठवताना एवढं पाठवा: उभी उंची, खाचेवरची पाण्याची उंची, कुठल्या तारखेला मोजलं ते, आणि चक्की कुठल्या महिन्यापर्यंत चालवायची. खुंटीवर पट्टी धरलेला एक फोटो काढा, आकडे वाचता येतील इतक्या जवळून. धबधब्याचा व्हिडिओ पण पाठवा, बघायला आवडतो आम्हाला, फक्त त्यावरून चाक बनत नाही.