कॉन्टेक्स्ट की रिडक्स? मुळात प्रश्नच चुकलाय

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की देवगड-रत्नागिरी पट्ट्यात ऑर्डर घेणाऱ्या साइट बनवायची घाई सुरू होते. त्यातल्या बऱ्याच साइटच्या कोडमध्ये एक कमेंट हमखास सापडते: 'रिडक्स नको, आता कॉन्टेक्स्ट आहे.' रिअॅक्ट म्हणजे कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून वेबपान रचायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, रिडक्स म्हणजे अॅपची बदलती माहिती (स्टेट) सांभाळणारी वेगळी लायब्ररी, आणि कॉन्टेक्स्ट ही रिअॅक्टचीच एक सोय. मार्च 2018 मध्ये रिअॅक्ट 16.3 सोबत नवा कॉन्टेक्स्ट आला, तेव्हापासून ही आवई उठलीय ती खाली बसायचं नाव घेत नाही.

रिडक्सचा मामला सोपा: सगळं स्टेट ठेवणारं एक स्टोअर, काय घडलं ते सांगणारी अॅक्शन, आणि त्यावरून नवं स्टेट बनवणारा रिड्यूसर. फार लिहावं लागतं ही तक्रार असेल तर तेच काम कमी कोडमध्ये करणारं रिडक्स टूलकिट वापरा. आजही रिड्यूसरमध्ये हाताने स्विच-केस लिहीत बसणाऱ्यांची मला दया येत नाही.

कॉन्टेक्स्ट मात्र काहीच साठवत नाही. तो पोफळीच्या वाडीतला पाट. पाणी वरच्या वहाळाचं, म्हणजे कंपोनंटमध्ये स्टेट ठेवणाऱ्या युजस्टेटचं किंवा युजरिड्यूसरचं. मधल्या प्रत्येक कंपोनंटच्या हाती प्रॉप (वरून खाली दिलेली माहिती) न देता व्हॅल्यू खाली पोचवायची, एवढंच त्याचं काम. रिडक्स रिअॅक्टला जोडणारं खुद्द रिअॅक्ट-रिडक्सही स्टोअर खाली पोचवायला कॉन्टेक्स्टच वापरतं. मग 'हे की ते' कसलं?

खरी गोची पुढे आहे. व्हॅल्यू बदलली की कोण कोण पुन्हा रेंडर होतं, म्हणजे कुठल्या कंपोनंटचा कोड रिअॅक्ट पुन्हा चालवतं?

समजा, एकाच कॉन्टेक्स्टमध्ये भाषा, टोपली आणि पिनकोड कोंबलेत. पाच डझनी पेटीचं प्रत्येक कार्ड त्यातून फक्त भाषा उचलतं. गिऱ्हाईक पिनकोडचे सहा आकडे टाइप करतं आणि दर आकड्याला व्हॅल्यूचा नवा ऑब्जेक्ट तयार होतो. भाषा मराठीच राहिली, तरी पानावरची सगळी कार्डं सहा-सहा वेळा रेंडर! रिअॅक्ट पाहतं ते एवढंच, की ऑब्जेक्ट तोच आहे की दुसरा. त्यातला कुठला तुकडा कोणी वापरला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साध्या फोनवर आकडे अडखळत उमटतात आणि खापर फुटतं नेटवर्कवर.

यावर 'मेमो लावू की' म्हणणारे भेटतातच. मेमो प्रॉप्स तपासतो आणि ते तेच असतील तर रेंडर टाळतो, पण कॉन्टेक्स्टमधला बदल त्याला जुमानत नाही. आतलं काही बदलेपर्यंत जुनाच ऑब्जेक्ट देणाऱ्या युजमेमोत व्हॅल्यू गुंडाळली, तर प्रोव्हायडर (कॉन्टेक्स्टला व्हॅल्यू देणारा भाग) असलेला कंपोनंट दुसऱ्याच कारणाने रेंडर झाला तेव्हा बचाव होतो. इथे पिनकोड खरोखरच बदललाय, ऑब्जेक्ट नवा होणारच.

रिडक्सच्या युजसिलेक्टरचा हिशेब वेगळा. अॅक्शननंतर स्टेट बदललं की सिलेक्टर, म्हणजे स्टोअरमधून हवा तेवढाच तुकडा उचलणारी फंक्शनं, चालतात, पण उत्तर आधीचंच असेल तर त्या बदलापायी कार्ड रेंडर होत नाही. अट एकच: सिलेक्टरमधून दरवेळी नवा अॅरे परत करू नका. तिथेच दरवेळी नवा अॅरे देणारा फिल्टर लावून 'रिडक्स स्लो आहे' म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

आणि स्टेटच कॉन्टेक्स्टमधून पाठवायचा प्रयोग रिडक्सवाल्यांनीच करून पाहिलाय. डिसेंबर 2018 मधल्या रिअॅक्ट-रिडक्स 6 ने तेच केलं. वेग पडला, आणि 2019 मध्ये आवृत्ती 7 पुन्हा थेट स्टोअरच्या सबस्क्रिप्शनवर गेली.

नवी साइट बनवताना माझी वाटणी ठरलेली आहे. भाषा, थीम, लॉग-इन झालेलं गिऱ्हाईक, असं क्वचित बदलणारं कॉन्टेक्स्टमध्ये. टोपली स्टोअरमध्ये, छोट्या साइटला झुस्टँड ही आटोपशीर स्टोअर लायब्ररीही पुरे. सर्व्हरवरून येणारे भाव आणि शिल्लक पेट्या टॅनस्टॅक क्वेरीकडे, ती सर्व्हरची माहिती आणून सांभाळणारी लायब्ररी. पिनकोड त्या फॉर्मच्या युजस्टेटमध्येच राहू द्या, त्याला गावभर फिरवायचं कारण नाही. आणि दोन पायऱ्या प्रॉप खाली दिला तर आभाळ कोसळत नाही.

ब्राउझरला जोडायच्या रिअॅक्ट डेव्हटूल्समध्ये रेंडर होणाऱ्या कंपोनंटभोवती चौकट दाखवायची सोय आहे. साइट आधीच तयार असेल तर तिच्यावर ही सोय चालू करून पिनकोडात एक आकडा टाका. पेट्यांच्या कार्डांभोवती चौकटी चमकल्या, तर आधी तो कॉन्टेक्स्ट फोडा: भाषेचा वेगळा, टोपलीचा वेगळा. त्यानंतरही अडलं तरच स्टोअर आणा.