आकडा घातलेला आणि आकडा काढलेला

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात पारायणाचे सप्ताह लागले की मोबाईलवर ठरलेले मजकूर फिरू लागतात. हनुमान चालिसात सूर्याचं अंतर आहे, वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांना प्रकाशाचा वेग ठाऊक होता, कृष्णाच्या एका श्लोकात पायचे (π, म्हणजे परिघ भागिले व्यास) बत्तीस अंक दडलेत. ऐकून माना डोलावणारे आणि सगळंच थोतांड म्हणून मोकळे होणारे, दोघेही दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. काही ठिकाणी लिहिणाऱ्यानेच आकडा शब्दांत घातलेला असतो. काही ठिकाणी तो वाचणाऱ्याने मागाहून काढलेला असतो. ओळखायचं असेल तर किल्ली कुठून आली ते बघावं.

आकडा श्लोकात सांगायची रीत आपल्या भागात दगडावर कोरलेली आहे. ऐहोळेच्या मेगुती देवळावरच्या रविकीर्तीच्या लेखात भारतीय युद्धाला तीस, तीन हजार, सातशे आणि पाच, म्हणजे ३७३५ वर्षं झाली असं म्हटलंय. सोबत शकाची ५५६ वर्षंही दिली आहेत. म्हणजे इ.स. ६३४. ज्योतिषी आणि लेख रचणारे भूतसंख्याही वापरत, म्हणजे अंकाऐवजी वस्तूचं नाव: आकाश शून्य, डोळे दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच, नंद नऊ, सूर्य बारा, नक्षत्रं सत्तावीस. मांडणी उजवीकडून डावीकडे, ‘अंकानां वामतो गतिः’. भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावकडचे, हा वाद सीमाभागातल्या इतर वादांसारखाच चिघळत राहणार. त्यांच्या ‘लीलावती’तला (११५०) परिघाचा श्लोक मात्र निर्विवाद आहे. व्यासाला ‘भनन्दाग्नि’ने गुणा, ‘खबाणसूर्य’ने भागा. भ २७, नंद ९, अग्नी ३, उलटे मांडले की ३९२७. ख ०, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. भागाकार ३.१४१६. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात रोजच्या व्यवहारासाठी २२/७ दिलंय, आणि ते ‘स्थूल’ आहे हेही सांगितलंय. यात गुपित काहीच नाही. परिघाच्या श्लोकात परिघाचाच आकडा आहे.

दुसरी पद्धत कटपयादी. क पासून झ पर्यंत १ ते ९, ञ शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९, न शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं, सुटा स्वर शून्य, काना-मात्रा आणि अनुस्वार सोडून द्यायचे. कर्नाटक संगीतवाले ती आजही वापरतात: धीरशंकराभरणाचे धी ९, र २, उलटे मांडले की २९वा मेळ, म्हणजे मूळ राग. केरळच्या शंकरवर्म्याने ‘सद्रत्नमाला’ (१८१९) ग्रंथात ‘भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद् भूपगीः’ या एका चरणात परिघ बसवला. भ ४, द्रा २, म्बु ३ असं लिहीत जाऊन शेवटून वाचा, ३१४१५९२६५३५८९७९३२४ येतं. अठराच्या अठरा अंक बरोबर, शेवटचा ४ हा नीट जवळ आणलेला.

आता कृष्णाचा तो श्लोक, ‘गोपीभाग्यमधुव्रात...’. गो ३, पी १, भा ४, ग्य १, म ५, धु ९, व्रा २, त ६. तपासलं तर खरंच पाय. अनुष्टुभाची बत्तीस अक्षरं. पहिली एकतीस चोख, बत्तिसावं ‘र’ म्हणजे २, पायचा तिथला अंक ५. यातल्या दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. हा श्लोक डावीकडून उजवीकडे वाचायचा आहे, जुन्या रिवाजाच्या उलट. आणि तो प्रसिद्ध झाला पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांच्या ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’मुळे. स्वामीजी १९६० साली वारले, पुस्तक १९६५ चं. स्वामीजींनी अथर्ववेदाच्या परिशिष्टातली म्हणून दिलेली त्यातली सूत्रं ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, हे पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनी प्रस्तावनेतच मान्य केलं आहे. गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी १९९३ साली त्यावर सविस्तर लिहिलं. तेव्हा श्लोकात आकडा घातलेला आहे यात शंका नाही, आणि घालणाऱ्याची हातोटी दाद देण्यासारखी आहे. वेदकाळाशी त्याचा संबंध मात्र लागत नाही.

कटपयादी हातात आली की माणूस कशालाही लावून बघतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, हे जैन देऊळ, घ्या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने ती १२०४ मध्ये बांधली. का १, र्त ६, वी ४, र्य १. उलट वाचलं तर १४६१. राजा चौथा, म्हणून चारने भागा: ३६५.२५. वर्षाचे दिवस, पाव दिवसासकट! मजकूर पुढे ढकलायला इतकं पुरतं. पण वडिलांनी नाव ठेवताना तो ‘चौथा’ नव्हता; तो क्रमांक इतिहासकारांनी दिला. उलट वाचायचं, चारने भागायचं आणि वर्षाशीच ताडून बघायचं, हे तिन्ही निर्णय १४६१ दिसल्यावर घेतलेले आहेत.

पाश्चात्त्य शोधाची घडण नेमकी हीच. हिब्रू आणि ग्रीक लिपीत अक्षरंच अंक म्हणून वापरली जात, त्यामुळे शब्दांची बेरीज करण्याची परंपरा, गेमाट्रिया, तिथे जुनीच. रशियातून अमेरिकेत गेलेल्या इव्हान पानिनने (१८५५–१९४२) आयुष्यभर बायबलात साताचे गुणक मोजले. स्थिरांकांचा नाद त्यानंतरचा. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या हिब्रू वाक्यात ७ शब्द, २८ अक्षरं. शब्दांच्या किमती ९१३, २०३, ८६, ४०१, ३९५, ४०७, २९६, बेरीज २७०१, म्हणजे ३७ गुणिले ७३. इथवर साधी बेरीज. मग सूत्र येतं: अक्षरसंख्या गुणिले सगळ्या अक्षरांच्या किमतींचा गुणाकार, भागिले शब्दसंख्या गुणिले शब्दांच्या किमतींचा गुणाकार. उत्तर ३.१४१५५ आणि पुढे दहाचा सतरावा घात. तो घात सोडून द्यायचा आणि पाय म्हणायचं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या वाक्याला हेच सूत्र लावून ‘ई’ (e, सुमारे २.७१८) हा स्थिरांक काढतात.

फरक ०.००१२ टक्के. दहाचा घात सोडायची मुभा धरली तर इतकं जवळ येण्याची शक्यता साधारण ९५ हजारांत एक. ऐकायला जबर. पण पाय, ई, सुवर्ण गुणोत्तर, दोनाचं वर्गमूळ असे दहा स्थिरांक आणि बेरीज-गुणाकाराची शंभर सूत्रं धरली की एका वाक्यावर हजार प्रयत्न होतात. शंभर ग्रंथांची पहिली वाक्यं घेतली की लाख. कुठेतरी लागणारच, आणि जिथे लागलं तेवढंच छापलं जातं. १९९४ साली ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’मध्ये तोरा या यहुदी धर्मग्रंथातल्या ठराविक अंतरावरच्या अक्षरांत रब्बींची नावं सापडल्याचा निबंध आला, १९९९ साली त्याच नियतकालिकात मॅके, बार-नाटान, बार-हिलेल आणि कलाई यांनी नावांच्या स्पेलिंगची निवड कशी सैल होती ते दाखवलं. मॅके यांनी ‘मोबी डिक’ कादंबरीतही तशीच पुढाऱ्यांच्या खुनांची ‘भाकितं’ काढून दाखवली.

आपल्याकडच्या सूर्य आणि प्रकाश या दोन दाव्यांत सैल जागा योजन या अंतराच्या जुन्या मापाची. चालिसाच्या ‘जुग सहस्र जोजन’ला, जुग म्हणजे युग १२,००० धरून, १२,००० गुणिले १,००० गुणिले ८ मैल केलं की ९.६ कोटी मैल. खरं अंतर ९.३ कोटी. सायणाचार्य (मृत्यू १३८७) ऋग्वेद १.५०.४ च्या भाष्यात अर्ध्या निमिषात २२०२ योजनं म्हणतात. तिथे योजन ९ मैलांचं धरावं लागतं, तेव्हाच सेकंदाला १,८६,००० मैलांच्या जवळ पोचतं. आठचं धरलं तर १,६५,०००. उलट नऊचं योजन चालिसाला लावलं तर सूर्य १०.८ कोटी मैलांवर जातो. काष्ठा हे निमिषाहून मोठं कालमाप पुराणांप्रमाणे १५ निमिषांचं धरायचं की मनुस्मृतीप्रमाणे १८ चं, यानेही वेग हलतो. शिवाय भूतसंख्येत ‘युग’ म्हणजे ४, बारा हजार नव्हे. सूर्यसिद्धान्तात तर सूर्याच्या कक्षेचा परिघ उघडच दिलाय, ४३,३१,५०० योजनं. त्याच ग्रंथातला पृथ्वीचा १६०० योजनं व्यास धरून योजन सुमारे ८ किलोमीटरचं होतं आणि सूर्य ५५ लाख किलोमीटरवर येतो, प्रत्यक्षाच्या सत्ताविसाव्या भागावर. हा आकडा कोणी पुढे ढकलत नाही.

अक्षरं मोजण्यात आणखी एक खोच आहे, लिपीची. इथले जुने लेख रेफानंतरचं व्यंजन दुप्पट लिहितात: धर्म्म, कीर्त्ति, कार्त्तवीर्य. कटपयादीला त्याने फरक पडत नाही, कारण शेवटचंच व्यंजन मोजतात. पण अक्षरांचा गुणाकार करणाऱ्याचं उत्तर दर ओळीला बदलतं. ग्रंथांचंही तसंच. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. गीतेचे श्लोक शंकराचार्य भाष्याच्या आरंभी सातशे सांगतात. महाभारताच्या काही प्रतींतला श्लोक कृष्णाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७ आणि धृतराष्ट्राचा १ धरून ७४५ म्हणतो. तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीचा अर्जुनाचा प्रश्न काही छापील पुस्तकांत असतो, काहींत नसतो. तो धरला तर ७०१. मोजायला बसण्याआधी प्रत कोणती घेतली तेवढं तरी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं.