सोन्याची काठी आणि तळ्यातला गाळ

मुलांना इंका लोकांविषयी सांगायचं म्हटलं की आपण माचू पिच्चूचा फोटो दाखवतो आणि लगेच स्पॅनिश स्वारीवर येतो. मला वाटतं, सुरुवात मांको कापाकपासून करावी. इंकांच्या परंपरेतला हा पहिला राजा. गुहा, भांडणारी भावंडं, दगड झालेला माणूस, सोन्याची काठी, असं सगळं त्याच्या गोष्टीत आहे.

गोष्ट घडते पेरूमध्ये, अँडीजच्या डोंगरांत. पुढे इंकांची राजधानी झालेल्या कुस्कोच्या दक्षिणेला पाकारिकताम्बो नावाची जागा आहे. तिथल्या एका गुहेतून चार भाऊ आणि चार बहिणी बाहेर पडले. भावांची नावं अयार मांको (हाच पुढे मांको कापाक झाला), अयार काची, अयार उचू आणि अयार आउका. इंकांच्या केचुआ भाषेत काची म्हणजे मीठ आणि उचू म्हणजे मिरची! बहिणींच्या नावात ‘मामा’ येतो: मामा ओक्यो, मामा वाको. इथे आपली मुलं हसणारच. हसू द्यावं आणि मग सांगावं, की केचुआत मामा म्हणजे आई.

अयार काची गोफण फिरवायचा तेव्हा डोंगर फुटून दऱ्या पडायच्या. त्या ताकदीला घाबरून भावंडांनी त्याला काहीतरी आणायच्या निमित्ताने गुहेत परत पाठवलं आणि गुहेच्या तोंडावर दगड लोटला. पुढे वानाकाउरी डोंगरावर अयार उचूचा दगड झाला. हा भाग मुलांपासून लपवू नये. आपल्या पुराणकथांतही असे प्रसंग असतात आणि मुलं ते समजून घेतात.

आता काठी. ही मंडळी वाटेत जमीन तपासत चालली होती. एका कथेत मामा वाकोने दोन सोन्याच्या काठ्या फेकल्या. एक भुसभुशीत जमिनीत पडली आणि घट्ट उभी राहिली नाही. दुसरी कुस्कोजवळ खोल रुतली. जमीन कसदार आहे हे कळलं आणि त्यांनी तिथेच मुक्काम केला. मुलांना इथे थांबवून विचारावं: काठी खोल रुतली तर काय कळतं? बागेत एक काडी खुपसून बघायला सांगावं. खडक वर असेल तर काडी अडते, मातीचा थर जाड असेल तर आत जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर मका पिकवू पाहणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार.

‘तो खरंच होता का?’ हे कुणीतरी विचारतंच. तेव्हा त्यांना एक बेरीज घालावी. सार्मियेंतो दे गांबोआ या स्पॅनिश इतिहासकाराने 1572 मध्ये लिहून ठेवलं, की मांको गुहेतून निघाला तेव्हा 36 वर्षांचा होता, वाटेत 8 वर्षं गेली आणि कुस्कोत त्याने 100 वर्षं राज्य केलं. एकूण 144! मुलं स्वतःच म्हणतात, हे कसं शक्य आहे? इंकांकडे लिपी नव्हती. गाठी मारलेल्या दोऱ्यांचे किपू आणि पाठ केलेल्या कथा एवढ्यावर पिढ्यांचा हिशेब राहायचा. त्यामुळे एका माणसाच्या आयुष्यात अनेकांची आयुष्यं मिसळली असावीत, असं मला वाटतं.

मांको नावाचा माणूस उत्खननात सापडलेला नाही. सापडली आहेत ती इंका साम्राज्याच्या आधीची खापरं. ‘किल्के’ नावाची ही रंगवलेली मातीची भांडी साधारण इ.स. 1000 पासून कुस्कोच्या खोऱ्यात दिसतात आणि तिथल्या वस्त्या कशा वाढत गेल्या ते त्यांवरून कळतं.

मला सर्वांत आवडतो तो ‘मार्काकोचा’ नावाच्या तळ्याचा पुरावा. पेरूतल्याच ओयान्तायताम्बो गावाजवळच्या या छोट्या तळ्याच्या तळाशी सुमारे 4,000 वर्षांचा गाळ थरावर थर साचला आहे. शास्त्रज्ञांनी नळी घालून तो उभा कापून काढला. परागकणांवरून कळलं, की इ.स. 1100 च्या सुमारापासून हवा उबदार झाली आणि शेती डोंगरात वर सरकू शकली. याच गाळात एका सूक्ष्म किड्याचे अवशेष आहेत. हा किडा लामांच्या, म्हणजे अँडीजमधल्या उंटाच्या कुळातल्या पाळीव जनावरांच्या, शेणावर जगायचा. लामांचे कळप वाढले की किडे वाढायचे, म्हणजे किडे मोजले की कळपांचा अंदाज येतो. इंकांच्या काळात त्यांची संख्या चढते आणि स्पेनने पेरू जिंकल्यावर कोसळते. राजाच्या नावाचा गाळात मागमूस नाही, पण त्याच्या लोकांनी पाळलेल्या जनावरांचा हिशेब तिथे आहे.

त्या उबेच्या काळात डोंगरउतारांवर दगडी बांधांची शेतं वाढली. दिवसा तापलेले दगड रात्री ऊब सोडतात, त्यामुळे पिकाला गोठवणाऱ्या थंडीचा धोका कमी होतो. खाली दगड, वर खडी, वर माती, असे थर असल्याने पाणी साचत नाही.

कुस्कोत साउसेरो नावाचं एक शेत होतं. पहिला मका तिथे मामा वाकोने पेरला, असं मानत. साम्राज्य हजारो किलोमीटर पसरलं तरी पेरणीच्या हंगामात राजा तिथे जाऊन पायाने रेटायच्या नांगराने जमीन उकरायचा, आणि त्यानंतरच बाकीच्यांची पेरणी सुरू व्हायची.