बॅटरी उतरणे

मोटार बंद करून रात्रभर उभी ठेवल्यावर सकाळी इंजिन फिरवण्याइतकी शक्ती बॅटरीत न उरणे. मराठवाड्यात ‘बॅटरी बसली’, ‘बॅटरी उतरली’ आणि ‘गाडी सेल्फ घेत नाही’ हे तिन्ही शब्दप्रयोग यासाठी चालतात. मात्र तिसरा प्रयोग स्टार्टर मोटरच्या बिघाडालाही लावतात, त्यामुळे गॅरेजमध्ये घोटाळा होतो.

शिसे-आम्ल संचायकाचे, म्हणजे मोटारीतल्या नेहमीच्या बॅटरीचे, जनकत्व सामान्यतः फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते (१८५९) यांना दिले जाते. विरल सल्फ्युरिक आम्लातील शिशाच्या पट्ट्या विद्युत् साठवतात, हे जर्मन वैद्य सिनस्टेडेन यांनी १८५४ च्या सुमारास नोंदवले होते. म्हणून काही अभ्यासक अग्रक्रम त्यांना देतात. परंतु वापरण्याजोगा संचायक प्लांते यांनीच उभा केला, हे पाहता त्यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत आणली. ग्लॅडस्टन व ट्राइब यांनी १८८२ मध्ये मांडलेली उपपत्ती आज सर्वमान्य आहे : विसर्जनात, म्हणजे बॅटरी उतरताना, दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर हे सल्फेट कठीण स्फटिकरूप धरते आणि चार्जिंगने पुरते विरघळत नाही. मूळ दोष काढल्यावरही बॅटरी अशक्त राहते, ती यामुळे.

बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हा समज आजही टिकून आहे. शहाबादीवर फळी टाकून तीवर बॅटरी ठेवणारे कारागीर भेटतात. जुन्या लाकडी वा कठीण रबराच्या पेट्यांतून आम्ल झिरपत असे, तेव्हा या समजाला आधार असावा. हल्लीच्या प्लास्टिक पेटीबाबत तो उरलेला नाही. विजेची गळती पेटीच्या तळातून नव्हे, माथ्यावरून होते. आम्लाची वाफ आणि धूळ मिळून तेथे विद्युत्‌वाहक थर बनतो. व्होल्टमीटरचे एक टोक टर्मिनलला व दुसरे पेटीच्या माथ्याला टेकवले तर तो दिसतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसला की जातो.

निदानात आधी हिशेब करावा. पद्मिनी, ॲम्बॅसडर अशा कार्बुरेटरच्या गाड्या बंद असताना जवळजवळ काहीच प्रवाह घेत नसत. संगणकीय नियंत्रणाच्या गाड्या घड्याळ, कुलूप व स्मृतीसाठी साधारणतः २० ते ५० मिलिअँपिअर घेतात. ३० मिलिअँपिअरने दहा तासांत ०.३ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे नगण्य आहे. डिकीतला ५ वॅटचा दिवा रात्रभर जळाला तरी चारेक अँपिअर-तासच जातात. म्हणून ‘दिव्याने बॅटरी खाल्ली’ हे निदान बहुधा अपुरे असते. बॅटरी आधीच थकलेली असते. हेडलाइटची गोष्ट वेगळी : ५५ वॅटचे दोन दिवे तीच बॅटरी चार तासांच्या आत संपवतात.

मराठवाड्यात थकवा उन्हाळ्यातच सुरू होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की स्वयंविसर्जन (न वापरताही बॅटरी आपोआप उतरणे) अंदाजे दुप्पट होते, पाणी आटते, पट्ट्या गंजतात. दोष मात्र उघडा पडतो तो परभणीकडच्या डिसेंबरातल्या थंड पहाटे; तेव्हा घट्ट झालेले तेल इंजिनाला जड करते आणि बॅटरीची ताकदही घटलेली असते.

काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असावे, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारे जनित्र (जुने मिस्त्री त्याला डायनामोच म्हणतात), तपासावा. विजेची गळती शोधण्यासाठी निगेटिव्ह केबल काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत एकसरीत जोडतात. दार उघडे ठेवून त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत नेतात आणि गाडीतील नियंत्रक झोपेपर्यंत, कधी तासभरही, थांबतात. ही वाट न पाहिल्यानेच निष्कर्ष चुकतात. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज उडतो. मग एकेक फ्यूज काढतात. ज्याने प्रवाह पडतो त्या मंडलात दोष. सगळे फ्यूज काढूनही प्रवाह तसाच राहिला, तर अल्टरनेटरचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संशयित.

बाहेरून बसवलेल्या वस्तू बऱ्याचदा गुन्हेगार निघतात. म्युझिक सिस्टिमची पिवळी तार कायम चालू, तर लाल तार चावीवर असावी. घाईत दोन्ही पिवळ्या जागी जोडल्या की सिस्टिम झोपतच नाही. चिकटलेला रिले (विजेने चालणारा स्विच), जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम ही आणखी उदाहरणे.

दुरुस्ती त्या मानाने सोपी : सदोष जोड तोडणे, टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर घासणे, झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी भरणे आणि मंद गतीने पूर्ण चार्ज करणे. दुसऱ्या गाडीवरून जम्पर लावताना काळ्या केबलचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीऐवजी इंजिनाच्या धातूला लावतात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्यापासून दूर पडावी म्हणून.